मऊ की कडक

हे

“गाडी अजून किती दिवस ठेवायचीय, साहेब?” शिकलगारने विचारलं.

काउंटरवर त्याने दोन डबे उघडून ठेवले होते. एक पिवळा, एक निळा. दोन्हींत ब्रेकचे पॅड. मला ते सारखेच दिसत होते. लोखंडी पट्टीवर चिकटवलेला काळपट मसाला. मी काय उत्तर द्यावं या विचारात होतो, तेवढ्यात मागून शालनचा आवाज आला.

“का हो? स्थळ आणलंय का तिच्यासाठी?”

तिला मी गाडीतच बसायला सांगितलं होतं. ती पायरी चढून आली होती, एका हाताने दाराची चौकट धरून, दुसऱ्या हाताने पदर पोटावरून ओढून घेत. पदर तसा घेतला की पोट किती वाढलंय ते दिसत नाही, असं तिला वाटायचं.

शिकलगार हसला. घाईने त्याने स्टुलावरची खोकी खाली ठेवली. “बसा वहिनी. स्थळ नव्हे. गाडी विकायची असली तर आम्ही हलका माल बसवून देतो. ठेवायची असली तर मग वेगळं सांगतो.”

“विकायची नाही,” मी म्हणालो.

“मग ठेवायची किती?”

सकाळपासून हा ‘किती’ माझ्या मागे लागला होता.

“त्यांना विचारून उपयोग नाही,” शालन स्टुलावर टेकत म्हणाली. “आमच्याकडे गिऱ्हाईक आलं की हे एक काच घालून बघायला सांगतात, मग दुसरी. हे बरं, की हे? हे, की हे? माणूस कंटाळून म्हणतो, द्या काय द्यायचं ते. आज स्वतःवर आलंय तर बघा कसे उभे आहेत.”

आमचं गडहिंग्लजला चष्म्याचं दुकान होतं. नंबर मी काढायचो, फ्रेम शालन निवडून द्यायची. “ही नको, घुबड दिसताय,” असं ती माणसाच्या तोंडावर सांगायची, आणि माणसं तिचंच ऐकायची.

“आवाज कसला येतोय, वहिनी? घासल्यासारखा की कर्कश?”

“डुकराला धरल्यासारखा,” शालन म्हणाली.

की हे

सकाळी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं होतं. शालन बाहेर बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन.

आमच्यात तेव्हा असंच होतं. आजार ज्याचा त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगायचा. तिच्या पोटातल्या त्या दुखण्याचं खरं नाव तिच्यासमोर कोणी घेतलं नव्हतं. आधी आम्ही त्याला गाठ म्हटलं, मग सूज म्हटलं. तिचा धाकटा भाऊ जयवंत मला बाजूला घेऊन म्हणाला होता, “दाजी, अक्काला कळता कामा नये. हाय खाईल ती.” आणि सगळी माणसं तिच्यापुढे येऊन एकच वाक्य म्हणून जात होती, की आता बरी दिसतेस.

“दोन रस्ते आहेत,” डॉक्टर म्हणाले. “अजून एक औषध देऊन बघता येईल. पण ते कडक आहे. अंगावर येईल. तोंड सोलवटेल, उलट्या, अंथरुणातून उठवणार नाही. दिवस मात्र वाढतील. थोडे. कदाचित.”

“आणि दुसरा?”

“आजाराच्या मागे लागायचं सोडून द्यायचं. पोटात पाणी साठलं तर काढायचं, दुखू द्यायचं नाही, घरी ठेवायचं. दिवस कमी. पण बरे जातील.”

“तिसरा?”

“असता तर मी तो पहिल्यांदा सांगितला असता.”

“तुम्ही माझ्या जागी असता तर...”

“मला नका विचारू. त्यांना विचारा.”

“तिला माहीत नाही.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याची डावी काडी सैल झाली होती. मी त्या काडीकडे बघत राहिलो. एक स्क्रू आवळायचा होता, बाकी काही नाही.

“मग तुम्ही ठरवा,” ते म्हणाले. “पण सोमवारी मला कळवा. फार थांबलात तर पहिला रस्ता उरणार नाही.”

मी बाहेर आलो.

“काय म्हणाले?” शालनने विचारलं.

“सूज आहे अजून. गोळ्या बदलणार आहेत.”

“बरं,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. गिऱ्हाइकाच्या नाकावर कुठली फ्रेम बसेल ते बघायची, तशी. मग बाकाला हात टेकून उठली. “चला, ब्रेकचं बघू.”

“आज राहू दे की.”

“आजच. कोल्हापूरला आलोच आहोत.”

हे

ब्रेकचं असं होतं.

आमची गल्ली उताराची. वरच्या तोंडाला पिठाची गिरणी, खालच्या टोकाला आमचं दार. दारापुढे उतार संपतो, तिथे ब्रेक दाबावाच लागतो. आणि काही महिन्यांपासून ब्रेक दाबला की गाडी अशी किंचाळायची की सगळ्या गल्लीला वर्दी जायची. आधी समोरच्या मालूताई दारात, मग त्यांची सून, मग गॅलरीतून मास्तर. आम्ही हॉस्पिटलातून आलो हे सगळ्यांना एकदमच कळायचं. वाईट माणसं नव्हती. कोणी मऊ भात आणून द्यायचं, कोणी अंगारा. पण शालन गाडीतून एक पाय बाहेर टाकायची तेव्हा सगळे बघत असायचे. आधी पायांकडे, मग पोटाकडे, आणि मग चेहऱ्याकडे. तिथे बघणाऱ्याचा चेहरा लगेच बदलायचा.

“मला उतरताना बघायला एवढी माणसं कशाला लागतात?” ती घरात आल्यावर म्हणायची. “नवरी आहे का मी?”

पिराजी मिस्त्रीने जुने पॅड काढून, पॉलिश पेपरने घासून पुन्हा लावून दिले. गाडी थोडे दिवस गप्प राहिली, मग परत सुरू. “नवीन टाका,” तो म्हणाला. “कोल्हापूरला उद्यमनगरात मिळतील. चांगलं बघून आणा.”

चांगलं बघायला आम्ही आलो होतो.

शिकलगारने पिवळा डबा पुढे सरकवला. “हे कडक. ह्याच्या मसाल्यात धातूचा चुरा असतोय. घाटात चालवा, माल भरा, टिकणार म्हणजे टिकणार. थोडा आवाज राहतोय. आणि डिस्क खातंय.”

“खातंय म्हणजे?” शालनने विचारलं.

“चाकाच्या आत चकती असते की, वहिनी. तिला हे दोन बाजूंनी दाबून धरतंय, म्हणून गाडी थांबते. आता हे कडक असल्यामुळं स्वतः झिजत नाही, चकतीला झिजवतंय. हे राहतंय, चकती जाते.”

“वा. आणि ते निळं?”

“ते मऊ. आवाजाचं नाव नाही. चकतीला ओरखडा नाही. पण लवकर संपतंय.”

“लवकर म्हणजे?”

“ते चालवण्यावर आहे.”

“तरी?”

“तसं कसं सांगू, वहिनी? कुणाची गाडी कशी, रस्ता कसा.”

“खरंय. कोणालाच सांगता येत नाही,” शालन म्हणाली.

मी म्हणालो, “टिकेलही आणि आवाजही करणार नाही, असं काही असेल की.”

“असतंय की. नवीन निघालंय. पण ते नव्या गाड्यांना. तुमच्या गाडीच्या मापात येत नाही.”

“मागवता येईल?”

“निघतच नाही तर मागवू कुठनं?”

“पुण्याहून, मुंबईहून... पैसे जास्त गेले तरी चालतील. तुम्ही विचारून तर बघा. कोणाकडे तरी...”

“अहो,” शालन म्हणाली. “ते नाही म्हणतायत ना.”

माझा आवाज चढला होता हे मला तेव्हा कळलं. शिकलगार गोंधळून माझ्याकडे बघत होता. ब्रेकच्या पॅडसाठी इतकं काकुळतीला आलेलं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नसावं.

मी पिवळा डबा उचलला. “हे द्या. टिकाऊ तरी आहे.”

“आवाज राहील म्हणतायत,” शालन म्हणाली.

“थोडा. त्याची सवय होते.”

“तुम्हाला होईल. चकतीला विचारलंत?”

शिकलगार मोठ्याने हसला. “चकतीला कोण विचारतंय, वहिनी!”

“तेच म्हणते मी.”

“शालन, दुसरं लवकर संपेल.”

“संपू दे. संपेपर्यंत गप चालेल.”

“आणि मग?”

“मग काय. ते तुमचं तुम्ही बघा तेव्हा.” तिने पदर पुन्हा पोटावर ओढला. “मला एकदा नीट विचारा बघू. गिऱ्हाइकाला विचारता तसं.”

“इथे?”

“विचारा की. एवढी माणसं झाली, मलाच तेवढं कधी विचारलं नाही तुम्ही.”

तिला चष्मा नव्हता. कधी लागलाच नाही.

मी पिवळा डबा वर धरला. “हे,” मी म्हणालो. मग निळा. “की हे?”

“पुन्हा दाखवा.”

“हे. की हे.”

तिने हात लांब करून निळ्या डब्यावर बोट ठेवलं. “मऊ,” ती म्हणाली. आणि शिकलगारकडे वळून, “बांधा हो हे. ह्यांचा विचार बदलायच्या आत.”

की हे

दुकानाच्या समोरच, रस्त्याच्या कडेला, शिकलगारच्या माणसाने जॅक लावून पॅड बसवले. शालन सावलीत खुर्ची टाकून बसली होती, सोड्याची बाटली हातात. एक घोट घेतला, बाकीचा तसाच राहिला.

“लगेच जोरात मारू नका,” शिकलगार मला म्हणाला. “पॅड चकतीवर बसायला थोडे दिवस जातात. हळूहळू दाबा. बसू द्या.”

परतीला लागलो. निपाणीच्या पुढे एका वळणावर एसटी आडवी आली म्हणून मी ब्रेक दाबला, आणि सवयीने माझे दात आवळले गेले. पण काहीच झालं नाही. गाडी नुसती थांबली.

“अगं बाई,” शालन म्हणाली. “आपलीच आहे ना ही?”

गल्लीत शिरलो. गिरणी गेली, मास्तरांची गॅलरी गेली. खाली येऊन मी ब्रेक दाबला. गाडी दारापुढे उभी राहिली. मालूताईंचं दार लोटलेलं होतं, ते तसंच राहिलं. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, तेवढीच.

मी उतरायला लागलो तर शालनने माझा हात धरला.

“थांबा. जरा बसू.”

“का गं?”

“कोणाला माहीत नाही आपण आलोय ते.” ती हळूच हसत होती, कुल्फी चोरून खाल्लेल्या मुलीसारखी. “बघा ना. एक माणूस नाही.”

आम्ही बसून राहिलो. मग ती उतरली, सावकाश, दोन्ही हात दाराला धरून, तोंडाने “आई गं” म्हणत. लोक असले की ती ते म्हणायची नाही.

पुन्हा

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुकानात एक म्हातारा आला होता, नूल गावचा. नाकावर जाड चौकट, मी काचा बदलतोय.

“हे बरं, काका, की हे?”

“पुन्हा दाखव.”

“हे. की हे.”

“पुन्हा एकदा दाखव की,” तो म्हणाला.

माझा हात तिथेच राहिला. शिकलगार नव्हता, डबे नव्हते, गाडी नव्हती. कानात नुसती शालन बोलत होती.

खातंय म्हणजे?

लवकर म्हणजे?

तरी?

कोणालाच सांगता येत नाही.

अहो, ते नाही म्हणतायत ना.

संपू दे. संपेपर्यंत गप चालेल.

ते तुमचं तुम्ही बघा तेव्हा.

विचारा की.

मऊ.

“काय झालं रे?” म्हातारा म्हणाला. “मला काही दिसेना झालंय.”

मी त्याच्या नाकावरची चौकट काढली. त्याला उद्या यायला सांगितलं. दुकान उघडं टाकून घरी गेलो.

शालन स्वयंपाकघरात पाटावर बसून वालाच्या शेंगा मोडत होती. मी दारात उभा राहिलो. केव्हापासून, हे मला विचारायचं होतं. बंद दाराबाहेर बाकावर बसून तुला काय ऐकू आलं. की काहीच ऐकायला लागलं नाही. जयवंत आल्यावर तू चहाला उठायचीस, तेव्हाही. आणि मग तू त्या दुकानाची पायरी का चढलीस.

“काय?” ती म्हणाली.

“काही नाही.”

“मग उभे काय राहिलात? तो लसूण सोला.”

मी तिच्यासमोर बसून लसूण सोलला. आम्ही याबद्दल बोललो ते एवढंच. पुढेही कधी नाही.

सोमवारी मी डॉक्टरांना फोन लावला.

“काय ठरलं?”

“मऊ,” मी म्हणालो.

“काय म्हणालात?”

“दुसरा रस्ता.”

“त्यांना विचारलंत?”

“विचारलं,” मी म्हणालो.

आवाज

आंबे आले तेव्हा ती होती. एक फोड खाल्ली, बाकीच्या मला खायला लावून बघत बसली. गौरी आल्या तेव्हा नव्हती.

मधल्या काळात पाणी काढायला कोल्हापूरला जायचो, आणि यायचो. गाडी गल्लीत शिरली की शालन मागच्या सीटवरून मान उचलायची. गाडी आवाज न करता थांबायची. ती म्हणायची, “जरा बसू.” ते बसणं दर वेळी लांबत गेलं. पुढे पुढे बोलायची नाही, माझ्या खांद्याला मागून नुसतं बोट लावायची, म्हणजे थांबा.

शेवटच्या खेपेला पाणी काढल्यावर तिला परत आणता आलं नाही. हॉस्पिटलातच, सकाळी. दुखत नव्हतं तिला. डॉक्टरांनी शब्द पाळला.

जयवंत आला होता. तो म्हणाला, “दाजी, मी अक्काबरोबर शववाहिकेत बसतो. तुम्ही पुढे व्हा. घरी सांगायला पाहिजे, अंगण मोकळं करायला पाहिजे. गाडी चालवाल ना?”

“चालवीन,” मी म्हणालो.

दुपार होती. गिरणी बंद होती. मी उतारावरून खाली आलो आणि दारापुढे ब्रेक दाबला.

गाडी थांबली.

मालूताईंच्या दारात तांबडी मिरची वाळत घातली होती. त्यांची सून आतून काहीतरी हसून बोलत होती. मास्तरांचा रेडिओ चालू होता. मी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलो आणि वाट बघत राहिलो की कोणीतरी येईल. मालूताई येतील, आधी माझ्याकडे बघतील, मग मागच्या सीटकडे, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. इतके दिवस त्यांना तेवढंच काम होतं. मी उभ्या गाडीत ब्रेक पुन्हा दाबला. पुन्हा दाबला. जमेल तेवढ्या जोराने. पॅड आता चांगले बसले होते.

मागच्या सीटवर तिची उशी होती. खांद्याला कोणी बोट लावलं नाही, तरी मी थांबून राहिलो.

शेवटी मालूताई आल्या त्या मिरची उलथायला. वाकल्या, आणि वाकल्या वाकल्याच त्यांना गाडी दिसली.

“अहो, तुम्ही कधी आलात? कळलंच नाही.” त्या जवळ आल्या. काचेतून आत डोकावल्या. “आणि शालन कुठंय?”

मी काच खाली केली. शब्द तयार होता तोंडात.

तेवढ्यात वर, गिरणीच्या कोपऱ्यावर, ती गाडी वळली. पांढरी, उंच, वर लाल अक्षरं. ड्रायव्हरला आमचा उतार नवीन होता. त्याने वरपासूनच ब्रेक धरला, आणि ती किंचाळायला लागली. गिरणीपासून आमच्या दारापर्यंत, सबंध उतारभर, डुकराला धरल्यासारखी.

मास्तर गॅलरीत आले. मालूताईंची सून हात पुसत धावत बाहेर आली. एकेक दार उघडत गेलं. ज्यांना मी कधी गल्लीत पाहिलं नव्हतं ती माणसंसुद्धा उंबऱ्याच्या बाहेर येऊन उभी राहिली.

शालनला उतरताना बघायला.